‘सावध राहा’ म्हणजे नेमकं काय करा? : ब्रिटनच्या बदललेल्या करोना-संदेशाचं प्रकरण

मे २०२० मध्ये ब्रिटनच्या सरकारने करोनाविषयीचा आपला मुख्य संदेश बदलला. आधीचा होता ‘स्टे होम, प्रोटेक्ट द एनएचएस, सेव्ह लाइव्ह्ज’. म्हणजे घरी राहा, राष्ट्रीय आरोग्य सेवेला जपा, जीव वाचवा. नवा आला ‘स्टे अलर्ट, कंट्रोल द व्हायरस, सेव्ह लाइव्ह्ज’. सावध राहा, विषाणू आटोक्यात ठेवा, जीव वाचवा. दोन्हींत तीनच तुकडे, लय तीच, शेवटही तोच. लगेच यूगव्ह या सर्वेक्षण संस्थेने लोकांना विचारलं, हा संदेश तुम्हाला काय करायला सांगतोय ते कळतंय का? जुन्या संदेशाबद्दल ९१ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. नव्याबद्दल फक्त ३० टक्के.

घोषवाक्य मोघम होतं म्हणून फसलं, असं या प्रकरणाबद्दल सर्रास म्हटलं जातं. ते चूक नाही. पण तिथेच थांबलं तर हाती लागतं ते एवढंच, की सोपे शब्द वापरा. ‘अलर्ट’ हा शब्द कुणाला अवघड होता? अडचण शब्दाच्या मागे होती. लोकांनी नेमकं काय करायचं हे सरकारचंच पुरतं ठरलेलं नव्हतं, आणि जे ठरलेलं नाही ते चार शब्दांत बसवायचं काम घोषवाक्यावर सोपवलं गेलं.

जुनं वाक्य का चाललं

२३ मार्च २०२० च्या रात्री पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी दूरचित्रवाणीवरून टाळेबंदी जाहीर केली. सुमारे २ कोटी ७० लाख लोकांनी ते भाषण पाहिलं. घराबाहेर पडायला चारच कारणं चालणार होती : गरजेच्या वस्तूंची खरेदी, दिवसातून एकदा व्यायाम, औषधोपचार किंवा एखाद्या असहाय माणसाची देखभाल, आणि घरून होऊच शकत नाही असं काम. ‘स्टे होम’ हे या चारही अपवादांच्या आधीचं मूळ वाक्य. अपवाद विसरला तरी मूळ नियम लक्षात राहत होता.

या वाक्याचा पहिला तुकडा कृती सांगतो. ती कृती आज आपल्याकडून झाली की नाही, हे रात्री अंथरुणाला पाठ टेकताना ज्याचं त्याला कळतं, शेजाऱ्यालाही कळतं. दुसरा तुकडा कारण देतो, आणि ते कारण ‘नाहीतर तुम्ही आजारी पडाल’ असं नाही. सरकारच्या वर्तनविषयक सल्लागार गटाने (एसपीआय-बी) २२ मार्चच्या टिपणात नोंदवलं होतं, की आपल्याला व्यक्तिशः धोका आहे असं बऱ्याच लोकांना पुरेसं वाटतच नाही. तिशीतल्या धडधाकट माणसाला स्वतःच्या फुप्फुसांची भीती घालून फारसं काही साधणार नव्हतं. एनएचएस मात्र त्याचीही होती. तो तिथेच जन्मलेला, त्याची आजी तिथेच उपचार घेणारी. तिसरा तुकडा हेतू सांगतो. कृती, कारण, हेतू, अशा क्रमाने वाक्य उतरतं. पंतप्रधानांच्या भाषणपीठावर त्याभोवती लाल-पिवळे तिरपे पट्टे होते, धोक्याच्या जागी लावतात तसे.

सल्लागारांच्या वर्तुळाबाहेर तेव्हा आणखी एक वाद रंगला होता. कडक निर्बंध लवकर लावले तर लोक लवकर कंटाळतील आणि पाळणं सोडून देतील, अशी एक कल्पना मार्चच्या सुरुवातीला चर्चेत होती. या ‘वर्तणुकीच्या थकव्या’ला पुरावा काय, असा सवाल करणारं खुलं पत्र सहाशेहून अधिक वर्तनशास्त्रज्ञांनी मार्चच्या मध्यावर काढलं. पुढे लोकांनी टाळेबंदी बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त निष्ठेने पाळली. लोक कंटाळतील हा अंदाज चुकला. लोक गोंधळतील हा अंदाज मात्र फार कुणी वर्तवलाच नव्हता.

जुना संदेश निर्दोष होता असं नाही. तो इतका लागू पडला की त्यातून नुकसानही झालं. एप्रिल २०२० मध्ये इंग्लंडमधल्या आपत्कालीन विभागांत येणाऱ्यांची संख्या आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा ५७ टक्क्यांनी घटली. त्यातला काही भाग समजण्यासारखा आहे. रस्ते ओस, खेळ बंद, मग अपघात कमी. पण हृदयविकार आणि पक्षाघाताच्या लक्षणांकडेही लोक कानाडोळा करू लागले, कारण घरी राहून एनएचएसला जपायचं हे मनावर ठसलं होतं. छातीत कळ येत असलेला माणूस ‘आत्ता त्यांच्यावर भार नको’ म्हणून घरी थांबला, तर त्याने संदेश पाळला की मोडला? शेवटी एप्रिलच्या अखेरीस एनएचएसला वेगळी मोहीम काढून सांगावं लागलं, की गंभीर त्रास असेल तर या, आम्ही उघडे आहोत. ही दुरुस्ती पहिल्याच दिवशी संदेशाला जोडून द्यायला हवी होती. परिणामकारक संदेशाचा दुष्परिणाम आधी शोधून ठेवायचा असतो, कारण संदेश जितका प्रभावी तितका तोही मोठा.

बदलाचे चार-पाच दिवस

७ मेच्या सकाळी काही मोठ्या वृत्तपत्रांनी पहिल्या पानावर आनंदाचे मथळे दिले : सोमवारपासून मोकळीक. औपचारिक घोषणा व्हायची होती. दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, दुसऱ्या महायुद्धातल्या युरोपमधल्या विजयाचा ७५ वा वर्धापनदिन आणि सार्वजनिक सुट्टी होती. सरकारचा संदेश अजून ‘घरी राहा’ होता आणि वातावरण ‘संपलं एकदाचं’ असं होतं.

शनिवारी रात्री नवं घोषवाक्य एका रविवारच्या वृत्तपत्रातून फुटलं. आरोग्य हा विषय स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांच्या आपापल्या सरकारांच्या अखत्यारीत येतो. तरीही स्कॉटलंडच्या प्रमुख निकोला स्टर्जन यांनी जाहीरपणे सांगितलं, की हे वाक्य त्यांना वृत्तपत्रातूनच कळलं. ‘स्टे अलर्ट’चा अर्थ आपल्याला सांगता येणार नाही, असंही त्या म्हणाल्या, आणि त्याची जाहिरात स्कॉटलंडमध्ये करू नये अशी विनंती केली. वेल्स आणि उत्तर आयर्लंडही ‘घरी राहा’वरच ठाम राहिले. सात आठवडे चार सरकारं एकाच वाक्यात बोलत होती. ते एका रात्रीत संपलं.

रविवारी, १० मेच्या संध्याकाळी सात वाजता भाषण झालं. तोवर ब्रिटनमध्ये अधिकृत मोजणीनुसार ३१ हजारांहून अधिक माणसं दगावली होती. पट्ट्यांतला लाल रंग जाऊन हिरवा आला होता, आणि माझ्या मते अनेकांनी त्या संध्याकाळी हिरवाच वाचला. धोक्याच्या पाच पातळ्या दाखवणारा तक्ता आला. त्यासोबत एक समीकरण आलं : धोक्याची पातळी बरोबर आर अधिक बाधितांची संख्या. आर म्हणजे एक बाधित सरासरी किती जणांना बाधित करतो तो आकडा. तो तेव्हा एकाच्या खाली होता आणि बाधितांची संख्या फार मोठी. एकाच्या आतली संख्या एवढ्या मोठ्या संख्येत मिळवून एक ते पाचमधली पातळी कशी निघते, हे गणितज्ञांनी विचारलं आणि इतरांनी त्यावर विनोद केले. गणिताने आश्वस्त करायला जावं आणि गणितच चुकावं, यापेक्षा तक्ता नसता तर बरं झालं असतं.

भाषणातला कळीचा भाग कामाबद्दलचा होता. ज्यांना घरून काम शक्य नाही त्यांनी, उदाहरणार्थ बांधकाम आणि कारखान्यांतल्या लोकांनी, आता कामावर जावं; पण शक्यतो सार्वजनिक वाहतूक टाळावी. कधीपासून? ऐकणाऱ्याला वाटलं उद्यापासून. सोमवारी सकाळी परराष्ट्रमंत्री डॉमिनिक राब यांनी रेडिओवर खुलासा केला, की बुधवारपासून. त्याच सकाळी ते म्हणाले, की आई आणि वडील दोघांना बागेत अंतर राखून भेटता येईल. नंतर सरकारला सांगावं लागलं, की एका वेळी एकालाच. सविस्तर आराखडा, पन्नासहून अधिक पानांचा, भाषणानंतर दुसऱ्या दिवशी आला. कामाच्या जागी काय काळजी घ्यायची याच्या सूचना त्याहून उशिरा, सोमवारी रात्री. म्हणजे सोमवारी पहाटे कामावर निघालेल्या माणसापाशी घोषवाक्य होतं, सूचना नव्हत्या. कामावर जा, जाऊ नका, अशी नक्कल करणारी एका विनोदी अभिनेत्याची चित्रफीत तोवर सगळीकडे पोचली होती. ती चालली, कारण तिच्यात अतिशयोक्ती फार नव्हती.

गडबड कुठे झाली

‘अलर्ट’ राहायचं ते कशाबाबत? पाकीटमाराबाबत सावध राहता येतं, कारण तो दिसतो, निदान दिसू शकतो. लक्षणं नसलेला बाधित दिसत नाही आणि विषाणू तर नाहीच. सावधपणा ही मनाची स्थिती आहे. ती आपल्यात आहे असं जवळपास प्रत्येकाला वाटतं, आणि नाही हे सिद्ध करता येत नाही. गच्च भरलेल्या खोलीत बसलेला माणूसही स्वतःला सावधच समजतो.

सरकारने मग अर्थ समजावून सांगितला. संकेतस्थळावर ‘सावध राहा’च्या खाली यादी आली : शक्य तितकं घरी राहा, जमत असेल तर घरून काम करा, लोकांशी संपर्क कमी ठेवा, बाहेर पडल्यास अंतर राखा, हात धुवा, लक्षणं दिसली तर बाहेर पडू नका. पहिलीच सूचना ‘घरी राहा’! जो संदेश सोडला, तोच नव्या संदेशाचा पहिला अर्थ म्हणून परत आला. यादी वाईट नाही. उलट नीट वाचली तर पुरेशी स्पष्ट आहे. पण घोषवाक्य आठवलं की यादी आठवावी, असा कुठलाही दुवा दोघांत नव्हता.

यातून सरकारची कोंडीही दिसते. अर्थव्यवस्था हळूहळू सुरू करायची होती, पण लोक घाबरलेले होते. त्यांना बाहेर काढायचं होतं, पण फार नाही. एका वाक्याने एकाला धीर द्यायचा आणि दुसऱ्याला धाक घालायचा होता. असं वाक्य लिहायला बसलं की ते मोघमच होतं. त्या मोघमपणामुळे तूर्त कुणी दुखावत नाही, आणि बहुधा म्हणूनच तो निवडला जातो.

इथे एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. टाळेबंदी कायमची नसते. कधीतरी ‘हुकूम पाळा’वरून ‘स्वतः विचार करा’वर यावंच लागतं, आणि प्रौढ माणसांच्या विवेकावर विसंबण्यात गैर काय? काहीच नाही. जपानने सुरुवातच तिथून केली होती. तिथल्या कायद्यात सक्तीच्या टाळेबंदीची तरतूद नव्हती; एप्रिलमध्ये आणीबाणी जाहीर झाली तीही विनंतीच्या स्वरूपात. पण त्याआधीच, मार्चमध्ये, तज्ज्ञांनी सुरुवातीच्या रुग्णांच्या संपर्कांचा माग काढून पाहिलं होतं. बहुतेक बाधित कुणालाच संसर्ग देत नव्हते. थोड्या ठिकाणी मात्र एकदम अनेकांना लागण होत होती, आणि त्या जागा एकसारख्या होत्या. त्यातून ‘तीन मित्सु’ ही सूचना आली : बंदिस्त जागा, गर्दी, जवळून संभाषण. तिघं एकत्र येतात ती जागा टाळा. २०२० सालचा जपानमधला गाजलेला शब्द म्हणून याचीच निवड झाली.

हाही विवेकावरच सोपवलेला संदेश आहे. फरक असा, की तो विवेकाला काम देतो. दारातून आत डोकावलं की तीन गोष्टी तपासता येतात : खिडक्या उघड्या आहेत का, माणसं किती, कोण कोणाच्या किती जवळ बोलतंय. नियमांच्या यादीत नसलेल्या जागीही तो लागू करता येतो. आजार पसरतो कसा याचं छोटंसं ज्ञान त्यात दडलेलं आहे. ‘सावध राहा’मध्ये असं काही नव्हतं, त्यात सल्ला देणाऱ्याची काळजी होती, ऐकणाऱ्याच्या हाती द्यायचं साधन नव्हतं. विवेकाकडे जायचं तर कारण समजावून जावं लागतं, आणि ब्रिटनने ते टाळलं. जपानची एकूण कामगिरी केवळ या वाक्यामुळे होती असं मला म्हणायचं नाही. संदेश म्हणून दोहोंतलं कोणतं वापरता येतं, एवढाच इथे प्रश्न आहे.

सांगणारा कोण

दोन आठवड्यांच्या आत दुसरा धक्का बसला. २२ मे रोजी बातमी आली, की पंतप्रधानांचे प्रमुख सल्लागार डॉमिनिक कमिंग्ज ऐन टाळेबंदीत कुटुंबासह लंडनहून डरहॅमला, सुमारे २६० मैल, गाडीने गेले होते. पत्नीला लक्षणं होती, लहान मुलाची सोय हवी होती, असं त्यांचं म्हणणं. तिथून बार्नार्ड कॅसल या गावी केलेली फेरी ही आपली नजर गाडी चालवण्याइतकी ठीक आहे का हे पाहण्यासाठी होती, असंही त्यांनी पत्रकार परिषदेत सांगितलं. त्यांनी राजीनामा दिला नाही आणि पंतप्रधानांनी पाठराखण केली. त्याआधी एप्रिलमध्ये स्कॉटलंडच्या मुख्य वैद्यकीय अधिकारी आपल्या दुसऱ्या घरी गेल्याचं उघड होताच पद सोडून गेल्या होत्या, आणि मेच्या सुरुवातीला साथीचं गणित मांडणारे नील फर्ग्युसन सल्लागार समितीतून बाहेर पडले होते. त्यामुळे तुलना अटळ होती.

युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनचे संशोधक टाळेबंदीच्या सुरुवातीपासून हजारो लोकांना नियमित प्रश्न विचारत होते. त्यांचा निष्कर्ष ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला : २२ मेनंतर इंग्लंडमध्ये सरकारवरचा विश्वास ठळकपणे घसरला, आणि स्कॉटलंड-वेल्समध्ये तिथल्या सरकारांबद्दल तसं झालं नाही.

घोषवाक्याचा बदल आणि कमिंग्ज यांचा प्रवास या दोन घटना वेगळ्या वाटतात, पण एकमेकींत गुंतलेल्या आहेत. पाठराखण करताना पंतप्रधानांनी बापाच्या अंतःप्रेरणेचा दाखला दिला. ज्यांनी मरणाऱ्या आईवडिलांना भेटायची अंतःप्रेरणा सात आठवडे दाबून धरली होती, त्यांनी हे ऐकलं. ‘स्टे होम’ हा सर्वांना सारखा लागू होणारा नियम होता म्हणूनच सोसता आला. आता परिस्थितीनुसार अर्थ लावायची मुभा होती असं मागाहून कळलं, आणि पुढचा संदेश तर मुळातच आपापला अर्थ लावा असं सांगणारा.

परिणाम मोजताना

घोषवाक्य बदललं म्हणून साथ उसळली, असं लिहिणं चुकीचं ठरेल. मेनंतर संसर्ग घटतच गेला आणि जुलैपर्यंत तो बराच खाली होता. नियम शिथिल झाले की ‘मी सगळं काटेकोर पाळतो’ म्हणणारे कमी होणार हेही उघड आहे. नुकसान शोधायचं तर ते समजुतीत शोधावं लागतं. जुलैमध्ये युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनच्या त्याच संशोधकांनी विचारलं, की सध्याचे नियम तुम्हाला साधारणपणे कळलेत का. कडक टाळेबंदीत सुमारे ९० टक्के लोक ‘हो’ म्हणत होते. आता इंग्लंडमध्ये ४५ टक्के, वेल्समध्ये ६१, स्कॉटलंडमध्ये ७५. नियमांची गुंतागुंत तिन्हीकडे वाढली होती. पण स्कॉटलंडने ‘घरी राहा’ मेअखेरपर्यंत धरून ठेवलं आणि स्टर्जन रोज पत्रकारांसमोर उभ्या राहून तेच तेच सांगत राहिल्या. कंटाळवाणं होतं, उपयोगी पडलं.

सरकारलाही हे उमगलं असावं. सप्टेंबरमध्ये इंग्लंडमध्ये ‘हँड्स, फेस, स्पेस’ आलं : हात धुवा, चेहरा झाका, अंतर ठेवा. पुन्हा मोजता येणाऱ्या कृती. त्यात हवेचा उल्लेख नव्हता, तो पुढे जोडावा लागला. आणि ४ जानेवारी २०२१ रोजी तिसरी टाळेबंदी आली तेव्हा मार्चचं जुनं वाक्य शब्दही न बदलता परत आणलं गेलं.

एक गोष्ट मात्र कोणत्याही वाक्याने सुटणारी नव्हती. मानसशास्त्रज्ञ सुझन मिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये मांडलेल्या चौकटीनुसार वर्तन घडायला क्षमता, संधी आणि प्रेरणा तिन्ही लागतात. संदेश मुख्यतः पहिल्या आणि तिसऱ्याला हात घालतो. लक्षणं आली तर घरी थांबा, हे वाक्य स्पष्ट आहे, पण त्या वर्षी कायद्याने मिळणारा आजारपणाचा भत्ता आठवड्याला ९५.८५ पौंड होता. तेवढ्यात घरभाडं भरायचं असलेल्या माणसाला अधिक ठसठशीत अक्षरांची गरज नव्हती. विलगीकरणातल्या कमी उत्पन्नाच्या लोकांना ५०० पौंड देण्याची योजना सप्टेंबरअखेर आली, म्हणजे सहा महिन्यांनी.

पुन्हा लिहायचं झालं तर

मागाहून मिळालेलं ज्ञान बाजूला ठेवून, १० मे रोजी सरकारला जे माहीत होतं तेवढ्यावरच मसुदा करायचा. पहिली पायरी लिहिण्याची नाहीच, तपासण्याची आहे. वेगवेगळ्या कामधंद्याच्या वीस-तीस लोकांना वाक्य ऐकवायचं आणि विचारायचं, ‘उद्या सकाळी तुम्ही काय वेगळं कराल?’ वाक्य आवडलं का, हे विचारायचं नाही. उत्तरं दहा दिशांना गेली तर वाक्य परत लिहायला घ्यायचं. यूगव्हने जे प्रसिद्धीनंतर विचारलं, ते आधी विचारायला एक दुपार पुरली असती. चारही सरकारांना मसुदा त्याच दुपारी दाखवता आला असता.

मग मजकूर. ‘हे नियम फक्त इंग्लंडसाठी, बुधवारपासून.’ ‘ताप किंवा सततचा खोकला असेल तर घरातल्या कुणीच बाहेर पडायचं नाही.’ ‘घरून काम होत असेल तर घरूनच.’ ‘घराबाहेरच्या एकाच माणसाला भेटा, उघड्यावर, दोन मीटरवरून, कुणाच्याही घरात नाही.’ ‘छातीत दुखलं, श्वास लागला, तर थांबू नका, दवाखाना उघडा आहे.’ ‘पुढचा बदल १ जूनच्या आधी होणार नाही.’ घोषवाक्य हवंच असेल तर ते यांतून काढायचं, आणि मी ‘भेटा बाहेर, दोन मीटरवर’ याच्या आसपासचं काहीतरी काढलं असतं. कारण त्या आठवड्यात खरोखर नवीन होती ती भेटण्याची मुभा, आणि चुका होणार होत्या त्याही तिथेच. पट्टे लाल-पिवळेच ठेवले असते.

एवढं सगळं लिहून झाल्यावरही एक ओळ रिकामी राहते : ज्यांना घरून काम करता येत नाही त्यांच्यासाठीची. शाळा बहुतेक मुलांना बंद, आजी-आजोबांकडे मूल ठेवायला बंदी, बस टाळा असा सल्ला, मालकांसाठीच्या सूचना अजून निघायच्या. मूल घरी असलेल्या, गाडी नसलेल्या कामगाराने सोमवारी काय करायचं? ती ओळ भरायला लेखक बोलावून भागलं नसतं. तो निर्णय मंत्रिमंडळाला भाषणाच्या आधी घ्यावा लागला असता, आणि तो होईपर्यंत भाषण दोन-तीन दिवस पुढे ढकलता आलं असतं.